ग्रास कटर चालवताना: कोकणातल्या बागेत पहिल्यांदा मशीन घेऊन उतरणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरला की आंब्या-काजूच्या बागांत कमरेएवढं गवत उभं असतं. मोहोर यायच्या आत ते निघायला हवं, काजू पडायला लागायच्या आत जमीन स्वच्छ हवी, आणि बेणणीला माणूस मिळत नाही. मग मुंबई-पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आलेला मालक स्वतःच मशीन विकत घेतो. दुकानदार फुटपाथवर दोरी ओढून ते चालू करून दाखवतो, गरगर फिरवतो, पिशवीत पाने-पक्कड टाकून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्मुडा आणि चपला घालून स्वारी बागेत. हा लेख त्या स्वारीसाठी आहे.

नवीन माणसाला भीती असते ती आपला पाय कापला जाण्याची. ती खोटी नाही, पण दांडा लांब असतो आणि मशीन पट्ट्याला अडकवलेलं असतं. नीट चालवलं तर पातं पायापर्यंत सहसा येत नाही. जास्त धोका पात्याने उडवलेल्या वस्तूंचा असतो, आणि तो तुम्हाला तसा आजूबाजूच्या माणसांनाही. १० इंची पात्याचा परीघ साधारण ८० सेंटीमीटर. ते मिनिटाला ७००० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग ताशी ३३५ किलोमीटरच्या आसपास जातो. त्या टोकाला सुपारीएवढा खडा लागला तर तो कुठे जायचा हे तुमच्या हातात राहत नाही. जागेवर खडा नसणं आणि टप्प्यात माणूस नसणं, एवढंच काय ते तुमच्या हातात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांपैकी बऱ्याचशा इंजिन चालू करण्याआधीच्या आहेत.

१. मशीन आणि पातं निवडताना

मशीन दोन प्रकारचं मिळतं. खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवायचं, सरळ दांड्याचं आणि सायकलसारख्या दोन मुठींचं. किंवा इंजिन पाठीवर घ्यायचं, लवचीक शाफ्टचं. सपाट किंवा मंद उताराच्या बागेत पहिलं घ्या. दोन मुठींच्या हँडलमुळे पातं तुमच्या पायाकडे वळायला अडथळा येतो, नवीन माणसाला याचा मोठा आधार असतो. पाठीवरचं मशीन चढ-उतारावर आणि अडचणीच्या जागी सोयीचं, पण त्याचा दांडा कुठेही वळतो. तो ताब्यात ठेवायला सवय लागते.

सरकारी अनुदानावर घेणार असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी बिल आणि मग अर्ज असं चालत नाही.

पुढे काय लावायचं हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. घराजवळ, गडग्याच्या कडेला, दगड जास्त असलेल्या जागी नायलॉन दोरीचं हेड. मोकळ्या बागेतल्या जाड, जून गवताला तीन दात्यांचं पातं. बोटाएवढ्या झुडपांना बारीक दातांचं गोल पातं. त्याहून जाड काही असेल तर कोयता घ्या, मशीनची परीक्षा घेऊ नका.

तीन गोष्टी अजिबात लावू नका. नायलॉन दोरी महाग पडते म्हणून तिच्या जागी बाइंडिंग वायर किंवा जुनी क्लचची केबल घालणारे लोक आहेत. ती तार तुटते आणि तिचा तुकडा गोळीसारखा सुटतो. दुसरी, साखळीचे तुकडे जोडलेलं हेड. ऑनलाइन ते 'हेवी ड्यूटी' म्हणून विकतात. कडी सुटून माणूस दगावल्यावर युरोपात २०१२ साली असल्या हेडवर बंदी आली. तिसरी, वेल्डिंग करून दात वाढवलेलं किंवा जुन्या करवतीतून घडवून घेतलेलं पातं. आपल्याकडे असं काम करून देणारे कारागीर हुशार असतात यात वाद नाही, पण वेल्डिंगच्या जागी पोलाद ठिसूळ होतं आणि तोल बिघडतो.

२. जवळ काय काय हवं

- जाळीचा फेस शील्ड, आणि त्याच्या आत बंदिस्त चष्मा. जाळी मोठा खडा अडवते, कूस आणि धूळ आत येतेच. नुसता गॉगल किंवा नुसती जाळी, दोन्ही अपुरं.
- कानाला इअर मफ. कापसाचे बोळे नकोत.
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट; नायलॉन हेडने काम करणार असाल तर नडगीला शिन गार्ड. दोरीने उडालेले खडे सगळ्यात जास्त नडगीवरच बसतात.
- जाड जीनची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पकड चांगली असलेले हातमोजे. लुंगी, गळ्यातला लोंबता टॉवेल, ओढणी, सैल लेस काही नको.
- लाल कापडाच्या पट्ट्या, सुतळी, चार-पाच काठ्या.
- लांब दांड्याची काठी, कोयती, गोळा करायला पाटी.
- पाना-संच, गिअरला लॉक करायची पिन, सुटा नट.
- इंधनाचा धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन, गाळणीचं नरसाळं.
- पिण्याचं पाणी आणि वेगळा पाच लिटरचा पाण्याचा कॅन.
- प्रथमोपचाराची पेटी: स्वच्छ गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, डोळा धुवायला सलाइनची बाटली.
- चार्ज केलेला फोन, आणि हाक मारल्यावर ऐकू येईल एवढ्या अंतरावर एक माणूस.

शेवटची गोष्ट यादीतून गाळू नका. कड्याच्या खालच्या बागेत, जिथे रेंज नाही, तिथे एकट्याने मशीन चालवायचं नाही.

३. आदल्या दिवशी बाग पायाखाली घाला

ही पायरी लोक सर्रास वगळतात. गवत उभं असताना जमिनीवर काय पडलंय ते दिसत नाही, आणि आपली बाग आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकालाच वाटतं. पण मे महिन्यात आंबे काढताना कुणी तुटलेला क्रेट टाकलेला असतो. शिमग्यात कुणी बाटल्या फोडलेल्या असतात. पावसात गडग्याचे दगड घसरलेले असतात.

काठीने गवत बाजूला करत आडव्या-उभ्या रांगांत चाला. उचलण्यासारखं असेल ते पाटीत टाका: जांभ्याचे सुटे तुकडे, काचा, पत्रा, करवंट्या, फाटकं शेडनेट, खताच्या गोणीची सुतळी. उचलता येत नाही तिथे काठी रोवून लाल पट्टी बांधा: जुने खुंट, जमिनीतून वर आलेले कातळ, पाण्याचे व्हॉल्व्ह, चेंबरची झाकणं, ठिबकच्या नळ्या, कलमांना आधाराला लावलेले बांबू.

चार जागी जास्त वेळ द्या.

कुंपण. काटेरी तार पावसात सैल होऊन गवतात लोळते. ती पात्यात आली तर एक तर गुंडाळली जाते, नाहीतर तुटून गंजका तुकडा उडतो. तारेपासून तीन फूट जागा कोयतीनेच काढा.

पंपाची केबल. बोरिंग किंवा विहिरीपासून टाकीपर्यंत पाइपाबरोबर केबल गवतातूनच टाकलेली असते, बऱ्याचदा दोन-तीन जोडांसह. नायलॉन दोरीसुद्धा तिचं आवरण सोलते. त्या भागात काम असेल तेव्हा मेन स्विच बंद करा आणि घरात सांगून ठेवा, नाहीतर टाकी भरायला कुणीतरी मध्येच चालू करेल.

मजूर जेवायला बसतात ती झाडाची सावली. खिळे, टिनाचे डबे, ब्लेड, सगळं तिथेच सापडतं.

लहान कलमं. उडालेल्या खड्यापेक्षा इथे उलटा धोका आहे. नायलॉन दोरी बुंध्याला चारी बाजूंनी लागली की साल सोलली जाते आणि दोन-तीन वर्षं जोपासलेलं कलम वाळून जातं. बुंध्याभोवती दोन फुटांचं आळं हातानेच स्वच्छ करा. हे काम आधीच उरकलं की मशीन त्या बाजूला न्यायचा मोहही होत नाही.

४. माणसं, गुरं, गाड्या: १५ मीटरचा नियम

जवळपास प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत आणि बहुतेकदा दांड्यावरच्या स्टिकरवर १५ मीटर हा आकडा असतो. चालवणाऱ्याच्या चारी बाजूंना १५ मीटर, म्हणजे साधारण २० मोठी पावलं, या वर्तुळात दुसरं कुणी नको. चारी बाजूंना म्हणजे मागेसुद्धा. दोन मशीनं एकाच बागेत चालू असतील तर त्यांच्यामध्येही एवढं अंतर हवं. गवत गोळा करणाऱ्या बायका मशीनच्या मागोमाग चालतात, हे चित्र सगळीकडे दिसतं आणि ते चुकीचं आहे. एक पट्टा पूर्ण कापून मशीन बंद करा, तो गोळा होऊ द्या, मग पुढच्या पट्ट्याला लागा.

तुम्हाला इअर मफमुळे ऐकू येणार नाही, जाळीमुळे बाजूचं नीट दिसणार नाही आणि नजर पात्यावर असेल. त्यामुळे लोक येताहेत का हे बघायचं काम तुमचं असूच शकत नाही. त्यासाठी एक माणूस लावा. घरातला कुणीही चालेल, फक्त हातात मोबाइल नको. खूण आधी ठरवा: दोन्ही हात वर म्हणजे ताबडतोब इंजिन बंद. ती खूण करायला तो तुमच्या समोरून, तुम्हाला दिसेल असा, लांब उभा राहून करेल. मागून येऊन खांद्यावर हात ठेवणं सगळ्यात वाईट. दचकून माणूस वळतो आणि दांडाही त्याच्याबरोबर वळतो. घरच्यांना, विशेषतः चहा घेऊन येणाऱ्यांना, हे बजावून सांगा.

बागेतून वहिवाट जात असेल तर 'जागा आमची आहे' हा मुद्दा इथे कामाचा नाही. लोक त्या पायवाटेने वर्षानुवर्षं जात आले आहेत आणि आजही जाणार. वाटेच्या दोन्ही टोकांना लाल कापड बांधा, शाळेची मुलं जायच्या-यायच्या वेळा टाळा, शेजारच्या घरांत आदल्या संध्याकाळी सांगून या. भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात. हिरवं गवत कापल्याचा वास आला की ती हमखास येतात. कुत्रा बांधून ठेवा. तो मालकाच्या पायात घुटमळायला येतोच.

मुलांना या मशीनचं भयंकर आकर्षण असतं. 'लांब उभं राहून बघ' असं सांगू नका, लांब म्हणजे किती हे त्यांना कळत नाही. घरात पाठवा.

घराजवळचं गवत कापताना पडवीत बसलेली आजी, खिडकीची काच, अंगणातली गाडी, छपरावर न चढवता जमिनीवरच उभे केलेले सोलर पॅनल, सगळं टप्प्यात असतं. गाडी काढून लांब लावा. खिडक्यांची दारं ओढून घ्या. आजीला आत बसवणं जमत नसेल तर तेवढं दहा-पंधरा फूट गवत विळ्याने काढा. तासाभराचं काम असतं.

आणि पैसे देऊन चालक आणत असाल तर हे सगळं त्याच्यावर सोडून मोकळे होऊ नका. चष्मा आणि बूट त्याच्याकडे नसतील तर तुम्ही द्या. उक्तं काम दिलं की घाई होते आणि घाईत पहिलं निघतं ते पात्यावरचं गार्ड. रोजावर द्या.

५. इंधन

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, फोर-स्ट्रोकला नाही. त्याचं ऑइल वेगळ्या टाकीत. प्रमाण मशीनप्रमाणे बदलतं, पुस्तिका बघा. १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:४० असेल तर २५ मिली, १:२५ असेल तर ४० मिली. 'अंदाजे एक झाकण' हे माप नव्हे. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा.

टाकी भरताना इंजिन बंद आणि दहा मिनिटं थंड झालेलं. भरल्या जागेपासून चार-पाच पावलं लांब जाऊन मगच चालू करा. बिडी-सिगारेट लांब. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असेल तर गरम सायलेन्सर गवतावर टेकवू नका, आणि पातं दगडाला घासलं तर ठिणगी उडते हे लक्षात ठेवा. पाण्याचा वेगळा कॅन यादीत आहे तो यासाठी. कोकणातले वणवे कशाकशाने लागतात ते गावात कुणालाही विचारा.

६. चालू करण्याआधीची तपासणी

पातं काढून दोरीला टांगा आणि पान्याने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. डोळ्याला दिसला नाही तरी ते पातं भंगारात टाका.

पात्याच्या नटाला उलटे आटे असतात. सोडवायला घड्याळाच्या दिशेने, आवळायला उलट. हे माहीत नसल्याने लोक सोडवायच्या नादात तो आणखी आवळतात आणि शेवटी आटे खराब करतात. गिअरच्या भोकात पिन घालून शाफ्ट अडवा, मग पाना लावा. नट झिजला असेल तर नवा घाला.

गार्ड जागेवर आणि घट्ट. गवत अडकतं म्हणून ते काढून ठेवलेली मशीनं गावोगाव दिसतात. नायलॉन हेडच्या गार्डला एक छोटी पट्टी असते, ती दोरी ठरावीक लांबीला कापते. गार्ड काढलं की दोरी लांब राहते, इंजिनवर ताण येतो आणि सगळा मारा थेट तुमच्या अंगावर.

पट्टा असा बांधा की हात सोडले तरी पातं जमिनीच्या किंचित वर, समांतर लोंबेल. पट्ट्याचा झटक्यात सुटणारा हूक तीन-चार वेळा उघडून बघा. गांधीलमाश्या मागे लागल्या तर बकल शोधायला वेळ नसतो.

इंजिन चालू करून मंद गतीला ठेवा. पातं फिरत राहिलं तर काम सुरू करू नका. आयडलचा स्क्रू किंवा क्लच मेकॅनिककडून बघून घ्या. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पातं थांबायलाच हवं. तेही लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरत राहतं.

७. कापायची पद्धत

बहुतेक मशीनचं पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. गार्डवर बाण असतो, तो बघून घ्या. अशा मशीनने उजवीकडून डावीकडे कापायचं. दांडा कमरेतून वळवायचा, नुसत्या हातांनी नाही. डावीकडे नेताना गवत कापलं जातं, उजवीकडे परत आणताना पातं रिकामं येतं, मग एक लहान पाऊल पुढे. कापलेलं गवत डाव्या अंगाला पडतं आणि खडेही जास्त करून त्याच बाजूला जातात. जास्त करून म्हणतोय, नेहमी नाही. गडग्यावर आपटून परतलेला खडा कुठूनही येतो.

पात्याकडे घड्याळाची तबकडी म्हणून बघा, १२ तुमच्या समोर. १२ ते ३ हा भाग खुंटाला किंवा दगडाला लागला तर पूर्ण मशीन उजवीकडे झटका देतं आणि तुम्हालाही फिरवतं. काम ९ ते १२ या भागाने करायचं. खुंट दिसला की पुढून भिडू नका.

गवत कमरेच्या वर असेल तर एकाच दमात मुळाशी जाऊ नका. पहिल्या फेरीत वरचं अर्धं कापा. मग इंजिन बंद करून ते बाजूला सारा, खाली काय आहे ते बघा आणि दुसऱ्या फेरीत बुंध्यापाशी जा. वेळ थोडा जास्त लागतो, पण आदल्या दिवशी नजरेतून सुटलेली बाटली याच वेळी सापडते. आणि पातं जमिनीला घासू देऊ नका. दोन-तीन इंच गवत राहिलं तर काही बिघडत नाही. उतारावर तर माती धरून ठेवायला ते हवंच.

कोवळी झुडपं तिरकी कापू नका. तिरका खुंट भाल्यासारखा उभा राहतो आणि काजू वेचायला येणाऱ्यांच्या पायात घुसतो.

सकाळी दव वाळल्यावर सुरुवात करा. ओलं गवत हेडला गुंडाळतं आणि पायही घसरतो. दर अर्ध्या तासाने थांबा. ऑक्टोबरचं ऊन आणि मशीनची थरथर दोन्ही चढत जातात. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर त्या दिवसाचं काम संपलं.

८. उतार आणि रस्त्याची कड

उतारावर आडवं चाला, चढत-उतरत नाही. डोंगर उजव्या हाताला ठेवून खालून वर एकेक पट्टा घ्या. कापलेलं गवत डावीकडे, आधीच मोकळ्या झालेल्या बाजूला पडतं आणि तुमच्या पायाखाली येत नाही. ओल्या कातळावर, शेवाळावर मशीन नेऊ नका.

रस्त्याच्या कडेला रस्ता आपल्या उजव्या हाताला येईल असं चाला, म्हणजे फेक रस्त्यापासून दूर जाईल. तरीही दोन्ही बाजूंना माणूस हवा. मोटारसायकल दिसली की ॲक्सिलरेटर सोडा, ती गेल्यावर पुन्हा सुरू करा. दुचाकीस्वाराला खडा लागायचीही गरज नाही, नुसता दचकून तो गटारात जाऊ शकतो.

९. पात्यात काही अडकलं तर

क्रम पाठ करा: ॲक्सिलरेटर सोडा, स्विच बंद, पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबा, स्पार्क प्लगची टोपी काढा, मग हात घाला. इंजिन मंद चालू ठेवून 'एवढा वेल ओढतो' म्हणत हात घालणं, बोटं जातात ती तिथे. हातमोजा असला म्हणून फरक पडत नाही.

दगडावर पातं जोरात आपटलं असेल तर काही अडकलं नसलं तरी थांबा आणि तेच करा. पातं वाजवून बघा, नट तपासा. अचानक थरथर वाढली तर पातं वाकलंय किंवा नट सुटतोय.

१०. गवतातले रहिवासी

जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, आणि आवाजाने पळून न जाता तिथेच वेटोळं करून बसणारं. गमबूट आणि काठीने आधी गवत हलवणं, यापलीकडे उपाय नाही. पात्याखाली साप आला तर तुकड्यांना हात लावू नका. तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. दंश झाला तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक यात वेळ न घालवता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी लस एकच आहे.

झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर ती जागा त्या दिवशी सोडा. माश्या उठल्याच तर हूक सोडून मशीन खाली टाका आणि लांब जा. चावल्यावर श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर घरगुती उपाय नकोत, दवाखाना गाठा.

खाजकुयलीच्या शेंगा तयार झालेल्या वेलावर मशीन फिरवलं तर कुसं हवेत उडतात आणि पुढचा अख्खा दिवस जातो. अंगावर आलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

११. डोळ्यात गेलं किंवा लागलं तर

डोळ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे उपचारानेच जास्त नुकसान होतं. डोळा चोळू नका. धूळ-कचरा असेल तर सलाइन किंवा स्वच्छ पाण्याने धुवा. काही रुतलेलं दिसत असेल तर ते काढू नका, दाब न देता वर कागदी कप उपडा ठेवून पट्टी लावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. गवताच्या काडीने बुबुळाला गेलेला साधा ओरखडाही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. त्यातून बुरशीचा संसर्ग होतो, तो काही दिवसांनी लाली आणि ठणक्याच्या रूपात दिसू लागतो, आणि त्यात नजर जाऊ शकते. दूध, तूप, मध घालू नका. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवरचे थेंब आणू नका; त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी आणखी फोफावते. डॉक्टरांना 'शेतात गवत कापताना लागलं' हे आवर्जून सांगा.

नडगीवर किंवा अंगावर बारीक भोक पडलं आणि रक्त फारसं आलं नाही, तरी आत लोखंडाचा तुकडा असू शकतो. एक्स-रे काढून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मोठी जखम असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा, दाब सोडू नका. पोटात, छातीत, मानेत काही घुसलं असेल तर ते उपसायचं नाही. तसंच स्थिर ठेवून १०८.

१२. काम संपल्यावर

मशीन थंड झालं की गार्डखालचं गवत खरवडून काढा. साधारण २० ते २५ तासांच्या कामानंतर गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरा. एअर फिल्टर धुवून वाळवा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. कोकणातला एक पावसाळा टाकीत काढला की कार्बोरेटर चिकटलाच समजा. पातं काढून तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळा. मशीन मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर टांगा, चुलीच्या आणि लाकडांच्या खोलीत नको.

पुढच्या वर्षी खाली उतरवल्यावर सगळ्यात आधी पट्टा आणि पेट्रोलची नळी बघा. बंद घरात उंदीर दोन्ही कुरतडतात, आणि अर्धवट कुरतडलेला पट्टा उभं राहून बघताना अगदी धड दिसतो.